तिसरा कौल

फार जुनी गोष्ट आहे. माघ शुद्ध पंचमीचा दिवस होता. आभाळ निरभ्र होते, पण खाडीवरून गार वारा सुटला होता आणि देवळातली समई सारखी थरथरत होती.

खाडीच्या काठी एक गाव होते. गावात शेती होती ती एका लांब दगडमातीच्या बांधाच्या जोरावर. बांधाच्या एका अंगाला भरती-ओहोटीचे खारे पाणी आणि दुसऱ्या अंगाला गोड्या पाण्यावरची भातशेती. बांध होता म्हणून भात होते आणि भात होते म्हणून गाव होते.

या गावात कोणतेही मोठे काम देवाला विचारल्याशिवाय होत नसे. देवाच्या पाषाणावर दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग गुरवाने गाऱ्हाणे घालायचे आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एकही पडली नाही तर थांबायचे. याला कौल लावणे म्हणत.

गावाच्या वतीने कौल मागण्याचा मान धाकोजीकडे होता. तरुणपणी हा मान मिळाला तेव्हा तो फार जपून वागे. त्याच्या बहिणीला एका सावकाराच्या घरचे स्थळ आले होते. सगळे घर हरखले होते, पण डावी कळी पडली आणि धाकोजीने सुपारी परत पाठवली. ‘का’ म्हणून त्याने देवाला विचारले नाही. पुढे त्या बहिणीचा संसार एका साध्या घरात सुखाचा झाला.

अशी वर्षे गेली. धाकोजीने मागितलेले कौल गावाला फळत गेले. लोक म्हणू लागले, “धाकोजीने विचारलं की देव उजवीच देतो.” पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा धाकोजीने कानाला हात लावला. नंतर नंतर तो नुसता हसू लागला. मग एक दिवस त्यालाही तसेच वाटू लागले.

त्या माघात त्याने मनाशी एक बेत आखला. बांधाच्या पलीकडे खारफुटीची झाडी होती, चिखलाची रुंद पट्टी होती. बांध तिथवर पुढे सरकवला तर केवढी जमीन मिळेल! गावाचे कोठार दुप्पट भरेल आणि पुढची पोरे त्या जमिनीला धाकोजीचे खाजण म्हणतील. बेत इतका आवडला की कौलाच्या आदल्या दिवशीच त्याने चिखलात नव्या बांधाच्या रेषेवर खुंट्या मारून घेतल्या.

पंचमीला धाकोजी देवळात शिरताच म्हातारा पुनाजी गुरव म्हणाला, “खुंट्या मारून झाल्यावर विचारायला आलास होय रे?”

“काका, विचारतोय ना? मग झालं तर.”

पुनाजीने कळ्या लावल्या. “बा देवा महाराजा, तुझी लेकरं बांध पुढे सरकवायचा म्हणतात. तुझ्या मनात असेल तर उजवा दे, नसेल तर डावा देऊन सावध कर, महाराजा!”

“व्हय महाराजा!” मंडपातून आवाज उठला.

डावी कळी पडली.

“वाऱ्याने पडली,” धाकोजी लगेच म्हणाला. “समई बघा कशी हलतेय. पुन्हा लावा.”

पुनाजीने त्याच्याकडे पाहिले, पण मान मानकऱ्याचा होता. त्याने पुन्हा कळ्या लावल्या. दुपार टळली, पोरेबाळे कंटाळून घरी गेली, तरी दोन्ही कळ्या जागच्या हलल्या नाहीत.

“देव म्हणतो, थांब,” पुनाजी म्हणाला.

“देव म्हणतो, उद्या या,” धाकोजी म्हणाला. लोक हसले.

दुसऱ्या दिवशी धाकोजी अंघोळ करून, कोरडे धोतर नेसून आला. “आज कळ्या मी लावतो,” तो म्हणाला. त्याने डावी कळी पाण्यात बुडवून घट्ट दाबली. उजवी लावताना अंगठा धोतराला पुसला आणि तिला नुसती टेकवली. गाऱ्हाणे अर्धे झाले असेल नसेल, उजवी कळी खाली आली.

“देवाला आज घाई दिसते!” मागून कोणीतरी म्हणाले, आणि मंडपात हशा पिकला. ढोल वाजला. पुनाजी तेवढा हसला नाही.

“धाकोजी,” तो हळूच म्हणाला, “गाऱ्हाणं अजून संपलं नव्हतं रे.”

“काका, तुमचं गाऱ्हाणं लांबतंय, त्याला देव काय करणार?”

सारा गाव कामाला लागला. खारफुटी तोडली, चिखल वाहिला. दगड कमी पडू लागले तेव्हा धाकोजीने जुन्या बांधाचे दगड काढायला सांगितले. पुनाजी काठी टेकत बांधावर आला.

“जुना तरी असू दे, बाबा. आपल्या आज्या-पणज्यांनी घातलाय तो.”

“देवाने दिलेल्या बांधाला राखण कशाला हवी, काका? तुमचा विश्वास कमी पडतो.”

पुनाजीने काठी उचलली. तो आल्या वाटेने परत गेला.

आषाढात लावणी झाली. नवी जमीन अजून पावसाने धुवून निघत होती, पण जुन्या शेतात हिरवेगार भात डोलू लागले. मग श्रावणी अमावास्येला वरून धो धो पाऊस आणि खालून उधाणाची भरती एकदम आली. पूर्वी खारफुटीवर आपटून दमणाऱ्या लाटा आता थेट बांधावर बसू लागल्या. भर दुपारी, गावाच्या डोळ्यांदेखत बांध मधोमध फुटला. पाणी नव्या जमिनीवरून जुन्या शेतात शिरले आणि त्याला अडवायला मध्ये काहीच नव्हते. माणसे टेकाडावर पळाली म्हणून वाचली. ओहोटी लागली तेव्हा शेतात भात नव्हते, राखाडी चिखल होता. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नव्हते.

देवळात गाव जमला.  मग एकजण म्हणाला, “देवाने उजवा दिला होता ना? मग हे असं कसं झालं?”

“देव खोटा कसा बोलेल? गाऱ्हाणं घालणाऱ्याचं काहीतरी चुकलं असणार.”

“पुनाजीची लेक त्याच महिन्यात बाळंत झाली होती म्हणे, पलीकडच्या गावात. सोयर लपवून हा गाभाऱ्यात गेला!”

“अरे, मला निरोपच आला तो शिमग्यात,” पुनाजी म्हणाला. पण बुडालेल्या गावाला कोणीतरी हवाच होता. “याला गाभाऱ्यातून काढा!” असा गलका वाढला. शेवटी सगळे धाकोजीकडे वळले. “मानकरी, तुम्ही बोला.”

धाकोजीला सगळे ठाऊक होते. त्याने उजव्या हाताची मूठ मिटली, अंगठा आत घेतला आणि म्हणाला, “पंच म्हणतील तसं.”

पुनाजी जागचा उठला. मग त्याने गाभाऱ्याची किल्ली पायरीवर ठेवली. “सांजवात कोण लावणार, तेवढं ठरवा,” तो म्हणाला, आणि बायकोला घेऊन होडीने लेकीच्या गावी निघून गेला.

धाकोजीचा मान तसाच राहिला. लोक हळहळून म्हणत, “बिचाऱ्या मानकऱ्याला गुरवाने फसवलं.” हे ऐकले की धाकोजीला ताटावरून उठावेसे वाटे.

एक दिवस त्याची बायको येसू म्हणाली, “अहो, आठ दिवस झाले, भाकरी नुसती कुस्करून ठेवताय. काय खुपतंय?”

त्याने तिला कळीचे सांगितले. येसूने चुलीतले लाकूड मागे ओढले.

“म्हणजे तुमच्यापायी देव खोटा ठरला, काका खोटे ठरले,” ती म्हणाली. “खरे तेवढे तुम्ही राहिलात.”

धाकोजी उठला आणि देवळात गेला. गावाला सांगावे की नाही, याचा कौल घ्यावा असे त्याच्या मनात होते. त्याने दोन कळ्या पाण्यात बुडवल्याही. पाषाणासमोर हात उचलला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. हे देवाला काय विचारायचे? त्याने कळ्या देवाच्या पायाशी ठेवल्या, बाहेर येऊन घंटा वाजवली आणि जमलेल्या गावाला सगळे सांगितले. कोणी शिव्या दिल्या, कोणी तोंड फिरवले. एक म्हातारी एवढेच म्हणाली, “मेल्या, हे तेव्हा सांगतास तर जुना बांध तरी राहिला असता.”

दुसऱ्या सकाळी तो होडीने पलीकडे गेला. पुनाजी लेकीच्या ओसरीवर नातवाला मांडीवर घेऊन बसला होता. धाकोजीने त्याचे पाय धरले.

“काका, मी सगळ्यांसमोर कबूल केलंय. परत चला. गाव बोलावतोय.”

“ऊठ रे,” पुनाजी म्हणाला. “तू कळी कशी टेकवलीस ते मी तेव्हाच पाहिलं होतं. मीही बोललो नाही. मानकऱ्याला खोटं पाडायचा धीर झाला नाही मला. चूक माझीही आहेच.”

“मग चला ना, काका.”

“तुझ्यावर राग नाही माझा. पण आता मी कळी लावली तर लोक माझ्या हाताकडे बघतील, कळीकडे नाही. तसा कौल लावून काय उपयोग?”

नातू रडू लागला. पुनाजी त्याला खांद्यावर घेऊन आत गेला. धाकोजी रिकाम्या होडीने परतला.

गावाने जुन्या रेषेवर बांध पुन्हा घातला. धाकोजीने मान सोडला आणि मातीच्या पाट्या वाहिल्या. पहिली तीन वर्षे शेतात भात धरले नाही. चौथ्या वर्षी बांधापासून लांबच्या दोन वाफ्यांत तेवढे पिकले. देवळात सांजवात रोज लागते. कौल मात्र त्या गावात पुन्हा कोणी लावला नाही.

तात्पर्य: देवाला विचारायला जाताना आपले उत्तर घरी ठेवून जावे, आणि तो ‘नाही’ म्हणाला तर तेवढ्याच श्रद्धेने परत यावे.