मंचावरची जागा

"मग उद्या भर सभेत राजीनामा फेकू की नको, बुवा?"

नागेशबुवा मठाच्या पायरीवर पिठलं-भाकरी खात होते. त्यांनी पुढचा घास मोडला.

ऋजुता अंगणात खाली मान घालून येरझाऱ्या घालत होती. पतसंस्थेच्या देखरेख समितीवर तिला सभासदांनी निवडून दिलं होतं. अध्यक्ष वाघचौरेंनी आपल्याच मेव्हण्याला जामीनदाराशिवाय कर्ज दिलं, हे तिनं शोधून काढलं. समितीतल्या दोघा काकांनी तिला समजावलं की पोरी, आपण देखरेख करायची, भांडण नाही. मग चहा मागवला. उद्याच्या वार्षिक सभेत तिनं फक्त 'सर्व व्यवहार नियमानुसार' एवढं वाचायचं होतं. तुझा भाऊ आपल्याच संस्थेत कारकून आहे, याची अध्यक्षांनी फोनवर गोड आवाजात आठवण करून दिली होती.

"सभेत समिती बसते कुठे?" बुवांनी विचारलं.

"मंचावर. संचालकांच्या रांगेत. आम्हालाही फेटे बांधतात."

बुवांनी शेजारची जागा थोपटली. ती बसली.

"माझ्या दाढीला काय लागलंय?"

ती वळू लागली.

"वळायचं नाही. मंचावर वळतेस का?"

तिनं मान पुन्हा समोर केली.

समोर नुसतं अंगण होतं. चपला होत्या. पेंगणारं कुत्रं होतं.

ऋजुता उठली, पायऱ्या उतरली आणि त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"पिठलं," ती म्हणाली.

बुवांनी ते पुसलं नाही. खात राहिले.

"म्हणजे राजीनामा नाही. उद्या मी खाली बसायचं, त्यांच्या समोर. तिथूनच उठून मेव्हण्याचं कर्ज वाचायचं."

बुवांनी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला.

"फेटा नाकारला म्हणून बोंब होईल. माईक काढून घेतील. दादाची नोकरी जाईल." तिचा आवाज चढला. "त्याला विचारलं मी. तो म्हणाला, माझ्या नोकरीच्या आड लपू नकोस."

बुवांनी ताटातला शेवटचा तुकडा कुत्र्यापुढे टाकला.

"वाचणार मी," ती म्हणाली. मग जरा थांबली. "पण वर ते सगळे असतील, बुवा... खाली मी एकटी."

बुवांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"खाली? खाली तर अख्खं गाव बसतं."