न तुटणारी तार

“आणि ही तुटायची कधी?”

दस्तगीर वस्तादांनी तारेचं भलंमोठं रीळ हातात फिरवत विचारलं.

निनाद हसला. “तुटतच नाही, वस्ताद. तीच तर गंमत आहे!”

कोल्हापुरातल्या एका टेनिस क्लबच्या मागच्या खोलीत वस्तादांनी उभा जन्म रॅकेटी विणल्या. निनाद त्यांचा चेला. काम शिकला आणि गडी हवेत गेला. प्रत्येक खेळाडूचा हात बघून वेगळी तार आणणं त्याला रिकामा उद्योग वाटे. वस्ताद आजारी पडताच त्यानं घाऊक बाजारातून कडक तारेची रिळंच्या रिळं उचलली आणि क्लबातल्या झाडून साऱ्या पोरांच्या रॅकेटी एकाच तारेनं ताणून विणल्या.

आज वस्ताद बरे होऊन खोलीत परतले होते, आणि तो तिची किल्ली कायमची मागायला आला होता. वस्ताद ‘हो’ म्हणाले की गादी त्याची.

“पावसाळा गेला, थंडी सरली. एकही रॅकेट तुटून परत आली नाही. तुमच्या त्या मऊ तारा महिन्यात राम म्हणायच्या!”

“एकबी न्हाई?”

“एकही नाही.”



वस्तादांनी खुंटीवरची एक रॅकेट काढली. “ही कुणाची?”

“गार्गीची. क्लबातली सगळ्यात दणकट पोर. बघा, तार अगदी नव्यासारखी!”

“लेका, पोरगी खेळंना झाली की नव्यासारखीच ऱ्हाणार. भाईर बसलीया. हाक मार तिला.”

गार्गी आत आली. चौदा वर्षांची, एरवी तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. आज दारातच घुटमळली. वस्तादांनी पाण्याचा पेला पुढे केला. तिनं तो डाव्या हातानं घेतला. उजवा पोटाशी धरलेला होता.



“उजवा गं, बाळ?” वस्तादांनी विचारलं.

“उचलत नाही, चाचा... कोपरात कळ येते. डॉक्टर म्हणाले, वर्षभर रॅकेटला हात लावायचा नाही.”

“वर्षभर?” निनाद ओरडलाच. “अगं, मग मला सांगायचं नाही का?”

“सांगितलं होतं की, दादा. म्हटलं, लई कडक लागतंय, हात झिणझिणतोय. तू म्हणालास, होईल सवय.”

निनादला आठवलं. म्हणाला होता. हसत हसत म्हणाला होता, तिच्याकडे वर न बघता.



“पण वस्ताद...” निनादनं रॅकेटवर बोट ठेवलं. काय बोलतोय हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. “तार तर शाबूत आहे. बघा ना तुम्ही, एकसुद्धा तुटली नाही!”

वस्तादांनी कात्री उचलली. रॅकेटच्या मधोमध टोक घातलं आणि दाबलं. टण्णकन आवाज झाला. निनाद दचकून मागे सरला.

“तुटायचं काम तारेचं हुतं रं, पोरा.”