छपराच्या गाठी

एका ओढ्याच्या काठाला एक मोठं छप्पर होतं. इतकं मोठं, की गाई, बैल, वैरण, नांगर सगळं आत मावून वर कोंबड्यांना उंडारायला जागा उरे. छप्पर थोरल्या भावाचं. धाकटा लहानपणापासून गावभर सांगत फिरे, "आमच्या दादानं एकट्यानं बांधलंय!" थोरला ऐके आणि नुसता हसे.

त्या थोरल्यासारखा माणूस पंचक्रोशीत नव्हता. कुणाचं घर शाकारायचं असो, कुणाची विहीर उपसायची असो, हा न बोलावता हजर. काही जड उचलायचं असलं की हाळी त्याचीच. "हे… उचला रे!" अशी त्याची हाक आली, की मरगळलेल्या गड्याच्याही अंगात बळ यायचं.

एका हिवाळ्यात थोरला तापानं फणफणला आणि बघता बघता गेला.

धाकट्याला रडू आलं नाही. राग आला. तापाचा राग, वैद्याचा राग आणि "फार गुणाचा होता हो" म्हणत येणाऱ्यांचा तर सगळ्यात जास्त. अंगणात कुणी येऊन टेकलं, की हा उठून छपरात गुरांपाशी जाई. दादाच्या हातचं तेवढंच उरलं होतं ना!

उन्हाळा सरत आला आणि वहिनीच्या ध्यानात आलं, की ओढ्याचा काठ खचत खचत छपरापाशी आलाय. मागच्या मेढीच्या खांबाजवळ जमिनीत हात जाईल एवढी भेग पडली होती.

"भावजी, यंदाचा पूर छप्पर घेऊन जाणार," ती म्हणाली. "वरच्या माळावर हलवायला हवं."

ही गोष्ट गावात कळली. संध्याकाळी कुंभार आला, त्याच्यामागे मेंढपाळ आला. कुंभार म्हणाला, "पोरा, कधी हलवायचं ते सांग. आम्ही सगळे येतो."

"कुणी यायचं नाही," धाकटा म्हणाला. "दादानं एकट्यानं बांधलं, मी एकटा नेईन."

"अरे, छप्पर आहे ते. टोपली नव्हे, डोक्यावर घेतली नि निघाला."

"काका, तुम्ही आपली मडकी सांभाळा!"

कुंभारानं पागोटं सारखं केलं आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच धाकट्यानं गुरं बाहेर काढली. पुढच्या मेढींची माती उकरली, दोर बांधला आणि बैल जुंपले. बैलांनी मान टाकून ओढलं. छप्पर हललं मात्र, कर्रर्र करून एक मेढ तडकली आणि सगळं छप्पर ओढ्याकडे कललं. वरचं गवत भसकन धाकट्याच्या डोक्यावर आलं. वाशाला टांगलेल्या टोपलीत खुडूक बसलेली एक कोंबडी तेवढी शिव्या दिल्यासारखी ओरडली.

धाकटा पेटला. आतून कोयता घेऊन आला. "सगळं तोडतो! एकेक वासा खांद्यावरून वर नेतो!"

त्यानं कोयता उगारला तोच वहिनी आडवी आली. "आधी वाशावरची गाठ बघा, मग तोडा."

"कसली गाठ?"

"ही. उलटी फिरवलीय. गावात डावखुरा कोण?"

धाकटा गाठीवर वाकून म्हणाला, "कुंभारकाका."

"आणि ही? मेंढरं बांधतात तशी. ती बघा, जाळं विणतात तशी. ती तिथली खालची लुगड्याच्या पदराला मारतात तशी, ती कोष्टीणआजीची. भावजी, एवढं आढं एकटा माणूस वर चढवेल का? तुम्ही पाळण्यात होता तेव्हा. सगळा गाव लोटला होता."

"मग दादा मला बोलला का नाही?"

"तुम्ही इतक्या तोऱ्यात सांगत फिरायचा, त्यांना तुमचं मन मोडवेना. म्हणायचे, 'मोठा झाला की आपणच गाठी बघेल.'"

धाकट्याच्या हातून कोयता गळाला. तो एकेक गाठ चाचपत छपरातून फिरला. कुठली घट्ट, कुठली ओबडधोबड, एकीसारखी दुसरी नाही. फिरता फिरता तो मध्येच बसला आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा हंबरडा फोडून रडला. वहिनीनं त्याला रडू दिलं.

मग तोंड धुऊन तो थेट कुंभाराच्या दारात जाऊन उभा राहिला.

कुंभारानं चाकावरून मान वर केली नाही. "मडकं हवंय?"

"नाही काका. तुम्ही हवे आहात. चुकलो मी."

चाक हळूहळू थांबलं. "बोलावणं असं करतात होय? जेवायला काय आहे?"

"पिठलं-भाकरी."

"तुझ्या दादाकडे गूळ असायचा वर."

"आणतो काका."

"मग येतो," कुंभार म्हणाला आणि माती लागलेला हात त्यानं धाकट्याच्या पाठीवर ठेवला.

सकाळी सगळा गाव आला. मेढी मोकळ्या केल्या, तडकलेलीला वेळू बांधला, आडवे वेळू घातले. खुडूक कोंबडी काही उठेना, तिला तशीच ठेवली. धाकटा धावत जाऊन सगळ्यात जड कोपऱ्याखाली शिरला.

"तू बाहेर ये," कुंभार म्हणाला. "हाळी कोण देणार?"

धाकटा घाबरला. "काका, ओझं कितीही द्या. पण ती दादाची हाळी…"

"ओझं आम्ही उचलू. हाक तूच द्यायची."

धाकटा रिकाम्या हातांनी पुढे उभा राहिला. पहिल्या खेपेला नुसतं "हे…" एवढंच आलं. कुणी हसलं नाही, कुणी घाई केली नाही. सगळे वाकलेलेच थांबले. मग त्यानं डोळे मिटले आणि छातीच्या तळातून हाक घातली, "हे… उचला रे!"

छप्पर उठलं! असंख्य पायांचं जनावर व्हावं तसं डुलत डुलत ते चढ चढू लागलं. पुढे धाकट्याची हाळी, मागे गावाचा हुंकार आणि आतून कोंबडीची कुरकुर. माळावर नव्या खड्ड्यांत मेढी उतरल्या, तेव्हा वहिनीनं पदरानं डोळे पुसले आणि गुळाचं ताट पुढे केलं.

सैल झालेल्या गाठी ज्यानं त्यानं आवळल्या. तडकलेल्या मेढीची गाठ धाकट्यानं मारली.

"गाठ आहे का वारूळ?" कुंभार म्हणाला. पण ती सोडली कुणीच नाही.

त्या पावसाळ्यात ओढ्यानं जुनी जागा गिळली. छप्पर वर ऐटीत उभं होतं. पुढे लहान पोरं विचारत, "काका, हे एवढं छप्पर कुणी बांधलं?" धाकटा त्यांना आत नेई आणि एकेका गाठीवर बोट ठेवून एकेक नाव सांगे. दादाचं नाव तो सगळ्यात शेवटी घेई, आणि ते घेताना त्याचं बोट कुठल्याच गाठीवर नसे. तो हात पसरून सगळं छप्पर दाखवी.

तात्पर्य: गावानं मिळून बांधलेलं एकट्याच्या हट्टानं हलत नाही. गेलेल्या माणसाचं मागे राहिलेलं जपायचं असेल, तर त्यानं जोडलेल्या माणसांना हाक मारावी.