कमानीखालची हाक

चपला दाराशी काढा आणि आधी वर बघा. वेदीपुढे ही टोकदार कमान आहे ना, तिच्या मधल्या दगडाचा खालचा कोपरा तुटलेला आहे. पाहुणे म्हणतात, एवढं देखणं काळ्या दगडाचं चर्च, थोडं सिमेंट लावायला काय झालं? लावा की! आमच्या कातळवेढ्यात तरी असं धाडस कुणी केलेलं नाही.

ही कमान भिवा पाथरवटाने बांधली, असं सांगतात. जन्मभर देवळं घडवलेला माणूस. गोऱ्या पाद्र्याने कागदावर काढून दाखवलेली असली कमान मात्र पहिलीच. त्याची एकुलती लेक झेला बाप्तिस्मा घेऊन चर्चच्या शाळेतल्या मास्तराशी लग्न करायला निघाली, तेव्हापासून भिवाने तिच्याशी बोलणं टाकलं. ती कामावर भाकरी घेऊन यायची, हा मुकाट्याने खायचा, पण तोंडातून अक्षर नाही. असले हट्टी बाप आमच्या गावाला नवे नाहीत.

पाद्रीसाहेबाला घाई. बिशप यायच्या आत कमान मोकळी दिसायला हवी. भिवा म्हणाला, "सायेब, चुना अजून वला हाय. जरा दम धरा." साहेब ऐकेना. पाथरवटांची रीत अशी, की कमानीखालचा लाकडी आधार काढताना बांधणाऱ्यानेच खाली उभं राहायचं. भिवा जाऊन उभा राहिला. लाकडं निघाली तसा वरून चुना झरू लागला. बापाला ओढून काढायला झेला धावली. ती कमानीपुढच्या या पायरीपाशी पोचली, तोच भिवा ओरडला, "झेले, थांब!"

किती दिवसांनी बापाच्या तोंडून नाव ऐकलं! ती जागीच थबकली. दगडाचा कोपरा निखळला आणि भिवाच्या डोक्यात बसला. भिवा तिथेच गेला. कमान मात्र तरली.

पुढे झेलाचं लग्न इथेच लागलं. नवरा वेदीपाशी, आणि ही पायरीशी अडून. "बाबानं थांब म्हटलंय. त्यो बोलवंल तवाच येईन." पाद्र्याने समजावलं, रागावला, शेवटी रडला म्हणे. बऱ्याच वेळाने ती एकाएकी म्हणाली, "आले, बाबा," आणि आत गेली. बाकी कुणाला काही ऐकू आलं नव्हतं.

तेव्हापासून आमची नवरी पायरीशी थांबते आणि बाप कमानीखालून हाक मारतो. बाप नसलेल्या पोरीला दुसरं कुणी हाक मारत नाही. सगळे गप्प बसतात. ती आपणच निघते. काय ऐकलंस, असं तिला विचारायचं नाही.

या नाताळानंतर माझी नात सुवार्ता इथे उभी होती. तिचा बाप शमुवेल, माझा थोरला, ती लहान असतानाच वारला. मी पहिल्या बाकावर कान टवकारून बसलो होतो. पोरीचा चेहरा एकदम फुलला. "आले, पप्पा," म्हणाली. मला काहीच ऐकू आलं नाही. जीव नुसता तुटला.

आजही झाडलोट उरकली की मी या पायरीवर जरा वेळ उभा राहतो. मी नवरी नाही, हे मलाही कळतं. पण शमुवेलचा बाप आहे ना मी.