मुंगीचा कौल

देव थोडे आणि झाडं उदंड होती, त्या काळची ही गोष्ट. कोकणातल्या एका गावाने देवळापुढचा फणस तोडायचं ठरवलं. फणसावर मुंग्यांची घरं होती. "नका रे तोडू," असं ओरडून त्या दमल्या, पण मुंगीचं कोण ऐकतं?

तोडण्याआधी देवाचा कौल हवा, म्हणून धाकू गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर तोडा, डावी पडली तर हात लावू नका. भिंगरी मुंगी गुपचूप मूर्तीवर चढली आणि तिने डावी ढकलून दिली. अख्खं गाव हात जोडून, कुऱ्हाडी घेऊन घरी परतलं.

मग भिंगरीही देवापुढे वाकली. तिची आत्या फिसकन हसली. "अगं सटवे, पाकळी तूच पाडलीस ना?"

"पाडली की, आत्या. पण माणसांनी ऐकलं, हा चमत्कार कुणाचा?"