मिठाच्या पाण्यातली बाजरी

पूर्वी शिरीषनगरात दंडसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या धान्यकोठाराचा कोठारी होता. नाव सोमिल. त्या वर्षी बाजरीच्या कणसांवर चिकटा नावाचा बुरशीचा रोग पडला आणि धान्यात काळे, विषारी दाणे मिसळून आले. ज्यांनी खाल्ले त्यांना ओकाऱ्या झाल्या, भोवळ आली, गुंगी चढली.

नगरातले वडीलधारे जमले. जुनी, चांगली बाजरी त्यांनी आपापल्या घरांत वाटून घेतली; कोठाऱ्यालाही एक वाटा दिला. नवी बाजरी तळं खणणाऱ्या मजुरांना द्या, असं मिठाचा व्यापारी भद्रघोष म्हणाला. ती माणसं काहीही पचवतात म्हणे. सगळ्या पांढऱ्या मिशा होकारार्थी हलल्या.

सोमिलने ती द्यायला नकार दिला. पण नुसत्या नकाराने मजुरांच्या चुली पेटणार नव्हत्या. त्याने बाजरी चाळली. दोन्ही दाणे एकाच भोकातून पडले. पाखडली, दोन्ही सुपातच राहिले. निवडायला बसला तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ढीग होता तेवढाच. पाण्यात टाकली, तर सगळंच बुडालं. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात माणूस सहज तरंगतो, हे त्याने व्यापाऱ्यांच्या तांड्यांकडून ऐकलं होतं. घरातलं होतं नव्हतं ते मीठ त्याने त्या पाण्यात कालवलं. काळे दाणे हळूहळू वर आले.

मीठ मात्र संपलं. आणखी मीठ मागायला तो भद्रघोषाकडे गेला. पाणी आटवलं की मीठ परत मिळेल ना, एवढंच म्हाताऱ्याने विचारलं.

"मिळेल," सोमिल म्हणाला. "पण त्यात विष उतरलेलं असेल, ते मी कुणाच्या ताटात जाऊ देणार नाही. त्याऐवजी माझ्या वाट्याची जुनी बाजरी घ्या."

म्हाताऱ्याने ती घेतली आणि मीठ दिलं. लाज वगैरे काही नाही.

मग सोमिल काळे दाणे काढत राहिला, तळाची बाजरी गोड्या पाण्याने धूत राहिला, खडकावर वाळवत राहिला. हातांच्या भेगांत मीठ झोंबत होतं. शेवटी भाकरी झाली, पण कुणी हात लावेना.

"कोठारीदादा, आधी तुम्ही खा," मजुरीण उप्पली म्हणाली. "थोरांनी धाडलेलं आहे, म्हणून भीती."

सोमिलने भाकरी खाल्ली आणि भिंतीला टेकला. त्याचे डोळे मिटले. मजूर घाबरून उठले. उप्पलीने त्याला गदागदा हलवलं.

"दादा, चढलं का विष?"

"नाही गं. दमलोय. जेवा तुम्ही."

मग ते जेवले.

एवढं सांगून शास्ते, म्हणजे भिक्खूंना ही गोष्ट सांगणारे त्यांचे गुरू, थांबले. मागच्या जन्मातले ते वडीलधारे म्हणजे आज ताजा भात आपल्या पात्रात घेऊन आंबलेला नवख्या भिक्खूंना वाढणारे थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, असं ते म्हणाले. उप्पली म्हणजे तो भात परत करणारी भिक्खुणी, आणि सोमिल ते स्वतः. जे आपल्या ताटात चालत नाही ते दुसऱ्याला न वाढणं, याला त्यांनी करुणा म्हटलं. थेरांपैकी कुणी मान वर केली नाही.