उत्पलाने काढलेला काळा फोटो

“तिनं माह्या घरचे कायचे कायचे फोटो काढले, भन्तेजी?”

सुगत विहाराच्या दारातूनच विचारत होता. वंदन करायचंही विसरला.

भन्ते रेवत भिंतीलगतच्या दोरीला चिमटे लावत होते. संध्याकाळी तिथे मुलांचे फोटो टांगायचे होते. सारी वस्ती बघायला येणार होती.

“तू सांगितलेल्या गोष्टीचे,” भन्ते म्हणाले.

“दाखवा.”

“टांगल्यावर पाहशील. सगळे तेव्हाच पाहतील.”

विहारात तसा नेमच होता. दहावी-अकरावीच्या मुलांनी आपल्या घरची गोष्ट फोटोंतून सांगायची. पण ज्याची गोष्ट, त्याने कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. फोटो सोबत्याने काढायचे. सुगतची सोबतीण उत्पला, त्याच्याच गल्लीतली. सुगत वर्गात पहिला येणारा, बोलण्यातही कुणाला हार न जाणारा. त्याने गोष्टही ऐटीत सांगितली होती: बाबा सुरतेला कंपनीत, आई कामावर, घर मी एकटा सांभाळतो.

“उत्पला काल मी नसताना घरी आली होती.”

“मला सांगून गेली होती.”

“तुमाले सांगून?”

आता त्याला भन्तेंचाही संशय येऊ लागला. संशयाचं असंच असतं. एकाला घरात घेतलं, की त्याचं गणगोत मागोमाग येतं.

“म्हंजे तुमी दोघं मिळूनच...”

भन्ते चिमटे लावत राहिले.

“मले समजते सारं! मागच्या खोलीचा फोटो काढला असंन तिनं. बाहेरून लावलेल्या कडीचाबी काढला असंन. बाबा भिंतीसंग बोलत बसतेत, तेबी काढलं असंन खिडकीतून. हे टांगलं तं वस्तीत तोंड दाखवता येनार नाही मले!”

भन्तेंचा हात थांबला.

“बाबा सुरतेला आहेत ना?”

सुगतचा चेहरा उतरला. मग त्याने चटईवरचा लिफाफाच उचलला आणि पालथा केला.

फोटो पसरले. सायकलवर सुगत. पाण्याचा ड्रम भरताना सुगत. आईचा डबा, कोनाड्यातली पुस्तकं, पुन्हा सुगत. सगळीकडे तो देखणा दिसत होता. खोली कुठेच नव्हती, कडी नव्हती, बाबा नव्हते.

सुटलो म्हणायला हवं होतं त्याने. पण तो उलटेपालटे करून शोधतच राहिला.

“बाकीचे कुठं लपवले?”

“एवढेच आहेत.”

शेवटचा फोटो त्याने उजेडात धरला. अख्खा काळा.

“हा? हा कायचा हाय?”

“ती मागच्या खोलीपुढे उभी होती. आतून कोणी गात होतं, म्हणाली. म्हणून तिने कॅमेऱ्याच्या भिंगावर तळहात ठेवला. मग बटण दाबलं.”

“हात ठेवला तं बटन कायले दाबलं?”

“मीही तेच विचारलं.”

“काय म्हने?”

“गाणं चांगलं होतं, म्हणाली.”

सुगत मटकन खाली बसला. त्याला रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला.

“म्हंजे समजलंच तिले. आता गावभर करन.”

बाहेर ऊन चढलं होतं. विहाराचे पत्रे तापून कडकड वाजत होते.

भन्तेंनी विचारलं, “आई कामावर गेली?”

“हो.”

“बाबा?”

“खोलीत.”

“कडी?”

“...बाहेरून. कोनी येनार असलं का लावतो आमी. उत्पला आजबी येईन, म्हनून मी सकाळीच...”

भन्तेंनी खाली वाकून फोटो गोळा केले. काळा फोटो सर्वांत वर ठेवला आणि गठ्ठा सुगतच्या हातात दिला.

“आधी कडी काढ. मग यातले कोणते टांगायचे, ते बाबांना विचार.”